नांगर विकणारा चित्रकार : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि विक्रीतले समाधान

विक्री हा व्यवसाय आपल्या मराठी मध्यमवर्गाने फारसा प्रतिष्ठेचा कधी मानला नाही. शिक्षक, वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल घरोघरी आदराने बोलले जाते. मात्र मुलगा विक्रेता झाला असे सांगताना अनेक आईवडिलांचा आवाज किंचित खाली येतो. आज विमा, औषधे, घरे, मोटारी, शेतीची अवजारे अशा नाना क्षेत्रांत असंख्य तरुण-तरुणी हेच काम करीत आहेत. महिनाअखेरीचे टार्गेट, दारोदारचा नकार आणि एक महिना संपताच पुन्हा शून्यापासून सुरू होणारी मोजणी यांमुळे या कामात पैसा मिळाला तरी मनाला स्वास्थ्य मिळते का, हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांना पडतो.

या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच मुलखातील एका माणसाचे चरित्र उपयोगी पडावे असे आहे. बेळगावातील एका रस्त्याला त्याच्या घराण्याचे नाव आहे आणि सांगली जिल्ह्यातील एका रेल्वे स्थानकालाही. कारखानदार म्हणून लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर सर्वांना माहीत आहेत. परंतु कारखानदार होण्यापूर्वी अनेक वर्षे ते एक विक्रेते होते आणि कारखाना उभा राहिल्यावरही त्यांच्यातील विक्रेता जागाच राहिला, ही बाजू तितकीशी पाहिली जात नाही.

गुर्लहोसूरहून मुंबईला

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच गाव. लक्ष्मणरावांच्या घरचे वातावरण वेदान्तचिंतनाचे आणि जुन्या वळणाचे होते. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन फारसे रमले नाही. त्यांना दोन गोष्टींची ओढ होती : चित्रे काढण्याची आणि यंत्रांची. अशा मुलाने पुढे काय करावे, याचे ठरीव उत्तर त्या काळच्या घरांत नव्हते. परंतु थोरले बंधू रामूअण्णा यांचा आधार मिळाला आणि 1885 च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्या वाट्याला पहिली मोठी निराशा आली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट उमगत नसे. रंगांधळेपणाचा हा दोष चित्रकार होऊ पाहणाऱ्याच्या दृष्टीने मुळावरच घाव घालणारा होता. रंगचित्रणाचा मार्ग त्यांना सोडावा लागला. हाताशी उरली ती रेषा. त्या रेषेच्या बळावर त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे अध्यापक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. ज्याला रंग दिसत नाहीत त्याला यंत्राचा आराखडा मात्र अचूक दिसतो, हे त्यांना येथे कळले. पुढे आयुष्यभर त्यांनी आपल्याजवळ जे नाही त्याबद्दल खंत करीत बसण्यापेक्षा जे आहे त्याचा उपयोग शोधला, त्याचा आरंभ या प्रसंगात आहे.

सायकल आणि तिची शिकवणी

मुंबईत असतानाच लक्ष्मणरावांच्या दृष्टीस सायकल पडली. आज घरोघरी असणारे हे वाहन त्या काळी नवलाईचे होते. ती चालवायला ते शिकले आणि इतरांनाही ती हवीशी वाटेल हे त्यांनी ओळखले. 1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकीत, दुरुस्त करीत आणि शिकवीत. त्या काळी एका सायकलीची किंमत 700 ते 1000 रुपयांच्या घरात होती आणि ती चालवायला शिकविण्याचे 15 रुपये घेतले जात, असे सांगितले जाते. त्या काळचे पगार ध्यानात घेतले तर सायकल ही श्रीमंतांचीच वस्तू होती हे उघड आहे.

या पंधरा रुपयांच्या शिकवणीचे महत्त्व किमतीहून अधिक आहे. सायकल विकत घेणारा माणूस ती चालवू शकला नाही, तर ती त्याच्या ओसरीवर धूळ खात पडणार आणि शेजाऱ्यांच्या चेष्टेचा विषय होणार. तीच सायकल तो डौलाने चालवीत बाजारातून गेला, तर त्याच्यासारखी दुसरी जाहिरात नाही. विक्रीचा व्यवहार पैसे हाती पडताच संपत नाही, गिऱ्हाइकाला वस्तू वापरता येऊ लागली म्हणजे तो पूर्ण होतो, हा धडा किर्लोस्कर बंधूंना या दुकानाने दिला. पुढे त्यांनी विकलेल्या प्रत्येक वस्तूबाबत हेच सूत्र दिसते.

इकडे मुंबईत लक्ष्मणराव अध्यापक म्हणून मन लावून काम करीत होते. परंतु बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. गुणापेक्षा वर्ण पाहिला गेला, हे त्यांना जिव्हारी लागले. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. चांगल्या पगाराची, मानाची नोकरी सोडून दुकानात बसण्याचा हा निर्णय त्या काळच्या पांढरपेशा समाजाला विचित्रच वाटण्याजोगा होता. मास्तर म्हणून मिळणारा मान दुकानदाराला मिळत नसे. ज्या जागी आपल्या कामाचे मोल दुसऱ्याच्या मर्जीवर ठरते, तेथे राहण्यापेक्षा जेथे ते गिऱ्हाईक ठरविते तेथे जाणे लक्ष्मणरावांनी पत्करले. अपमानातून बाहेर पडणारी माणसे पुष्कळदा कडवट होतात. लक्ष्मणरावांचे पुढचे आयुष्य पाहता त्यांनी तो कडवटपणा फार काळ जवळ बाळगलेला दिसत नाही. नवे काम इतके होते की त्याला सवडच मिळाली नसावी.

वैरण कापणारे यंत्र

बेळगावच्या दुकानाने सायकलींबरोबर इतर वस्तूंकडेही लक्ष वळविले. परदेशी पवनचक्क्यांची एजन्सी घेण्यात आली. विहिरीतले पाणी वाऱ्याच्या बळावर वर काढणारी ही यंत्रे विकता विकता लक्ष्मणरावांचा संबंध शेतकऱ्याशी आला. सायकलीचे गिऱ्हाईक शहरातला हौशी सधन माणूस होता. शेतकरी हे वेगळे गिऱ्हाईक होते. त्याच्याजवळ पैसा कमी, पावसाचा भरवसा नाही आणि एकदा फसला तर वर्षभर सावरणे कठीण. अशा माणसाला काही विकायचे तर ते त्याच्या खरोखरीच्या गरजेचेच असले पाहिजे.

किर्लोस्करांनी स्वतः बनवून विकलेली पहिली महत्त्वाची वस्तू म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. आपल्या भागात जोंधळ्याचा कडबा हा जनावरांचा मुख्य चारा. अख्खी पेंडी टाकली की जनावर कोवळा भाग खाते, जाड ताटे तुडविली जातात आणि बराच चारा वाया जातो. तोच कडबा बारीक कापून घातला की गव्हाणीत उरते ते थोडे. चाराटंचाईच्या वर्षी या फरकावर गोठ्यातले बैल जगणे अवलंबून असते. यंत्राचा हा फायदा शेतकऱ्याला पुस्तकात वाचून पटणार नव्हता. आठवडाभरात कडब्याच्या गंजीकडे पाहिले की तो डोळ्यांना दिसत असे. लक्ष्मणरावांनी विकण्यासाठी निवडलेल्या वस्तूंचा हा गुण पुढेही कायम राहिला. शेतकऱ्याच्या अंगणात ज्यांचा हिशेब त्याचा त्यालाच करता येईल, अशा त्या वस्तू होत्या.

जो नांगर कोणी घेईना

यानंतर लक्ष्मणराव लोखंडी नांगराकडे वळले आणि येथे त्यांच्यातील विक्रेत्याची खरी कसोटी लागली.

शेकडो वर्षे आपला शेतकरी लाकडी नांगराने जमीन नांगरीत आला. हा नांगर गावातलाच सुतार घडवी, तो हलका असे आणि बलुत्याच्या व्यवस्थेत त्याला रोख पैसा मोजावा लागत नसे. मात्र तो जमीन वरवर फाडीत असे. लोखंडी नांगर मातीचे ढेकूळ उलथून टाकतो, खालची माती वर येते, हरळी-कुंद्यासारख्या चिवट तणांची मुळे उन्हात पडून वाळतात आणि पावसाचे पाणी खोल मुरते. इंग्लंडहून येणारे असे नांगर काही मोठे बागायतदार वापरू लागले होते. आपल्याकडे, आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना झेपेल असा नांगर बनवावा, असे लक्ष्मणरावांनी ठरविले आणि तो बनविलाही.

परंतु गिऱ्हाईक येईना. लोखंड जमिनीत घातले की जमिनीला विष चढते, ती नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ होती. त्या समजुतीला आज हसणे सोपे आहे. ज्याचे सारे आयुष्य त्या जमिनीच्या तुकड्यावर उभे आहे, त्याने नव्या वस्तूचा संशय घेणे हे शहाणपणाचेच एक रूप आहे. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, अशी या काळाची हकिकत सांगितली जाते. दोन वर्षे म्हणजे दोन पावसाळे, दोन पेरण्या. भांडवल मालात अडकलेले, कारागिरांना पगार देणे चालू आणि दारात तयार नांगर पडून आहेत. विक्रीच्या धंद्यात ज्याने एखादा वाईट महिना काढला आहे, त्याला या दोन वर्षांची कल्पना करता येईल.

अशा वेळी विक्रेत्यापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. गिऱ्हाइकाला अडाणी ठरवून स्वतःची समजूत घालणे ही एक. गोड बोलून, भूलथापा देऊन माल गळ्यात मारणे ही दुसरी. माल बंद करून दुसरे काही धरणे ही तिसरी. लक्ष्मणरावांनी यांपैकी एकही वाट धरली नाही. त्यांनी शेतकऱ्याचा नकार हा मालाविषयी मिळालेला अभिप्राय म्हणून घेतला आणि नांगरातच सुधारणा करीत राहिले. फाळाचे टोक आपल्या कठीण मातीत टिकावे म्हणून लोखंडाच्या ओतकामात जो कस हवा होता, तो मिळविणे हा सुरुवातीचा मोठा प्रश्न होता. परदेशी नांगराच्या तोडीचे टोक ओतता येईपर्यंत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सोडला नाही. धीट शेतकऱ्यांनी एकदा नांगर घेऊन पीक काढले, की शेजारच्या शिवारातले लोक बांधावरून पाहत असत. जमीन नापीक झाली नाही, उलट पीक वाढले, हे दिसल्यावर समजूत हळूहळू विरघळू लागली. पुढे हाच नांगर किर्लोस्करांची ओळख बनला.

या दोन वर्षांत लक्ष्मणरावांच्या मनात काय चालले होते, याचा अंदाज त्यांच्या कृतीवरूनच बांधावा लागतो. ज्याचे समाधान केवळ विक्रीच्या आकड्यावर अवलंबून आहे, तो माणूस दोन वर्षे तग धरू शकत नाही. लक्ष्मणरावांना रोज करण्याजोगे दुसरे काहीतरी होते : कालच्यापेक्षा आजचा फाळ चांगला ओतणे. विक्री झाली नाही त्या दिवशीही हे काम पुढे सरकत होते. सुखाचा हा दुसरा झरा जवळ असल्यामुळे पहिला आटला तरी ते कोरडे पडले नाहीत.

बेळगाव सुटले

नांगराला बाजार मिळू लागला, तोच नवे संकट उभे राहिले. शहराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. वीस वर्षे ज्या गावात दुकान वाढविले, ते गाव सोडण्याची वेळ आली. जड यंत्रे, भट्टी, कच्चा माल आणि कारागीर यांना घेऊन जायचे कोठे?

या काळात लक्ष्मणराव औंध संस्थानात मंदिराच्या सभामंडपाचे काम करीत होते. ठरलेले काम नेटके आणि वेळेवर करून देणारा हा माणूस औंधच्या राजांच्या नजरेत भरला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, कलांचे मर्मज्ञ होते. कलाशाळेतून रंग सोडून बाहेर पडलेल्या माणसाला चित्रकार राजाचा आश्रय मिळावा, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. लक्ष्मणरावांची अडचण कळताच बाळासाहेबांनी संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन त्यांना दिली आणि 10,000 रुपयांचे कर्जही दिले.

विक्रेत्याच्या दृष्टीने या घटनेचा एक अर्थ आहे. राजाने लक्ष्मणरावांना दिले ते त्यांच्या वक्तृत्वावर भाळून नव्हे. समोर उभे असलेले काम त्यांची शिफारस करीत होते. आयुष्यातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक त्यांना मिळाले ते आधीचे छोटे काम चोख केल्यामुळे.

माळरानावरचे गाव

मिळालेली जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला ओसाड माळ होता. 10 मार्च 1910 रोजी लक्ष्मणराव तेथे आले आणि किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. बेळगावहून 25 कामगार आणि त्यांची कुटुंबे त्यांच्याबरोबर आली. सुरुवातीला धड घरेही नव्हती. अशा ठिकाणी माणसे आपला संसार घेऊन का आली, याचा विचार केला पाहिजे. पगाराचे आमिष हे त्याचे कारण असणे शक्य नाही, कारण लक्ष्मणरावांजवळ उधळायला पैसा नव्हता. या माणसाबरोबर राहिलो तर आपले बरे होईल, हा विश्वास हेच कारण. गिऱ्हाइकाचा विश्वास मिळविणाऱ्याला आधी आपल्या घरच्या माणसांचा विश्वास मिळवावा लागतो.

त्यांचे सहकारी निवडण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. यंत्रांची उपजत समज असलेले अनंतराव फळणीकर, हिशेब आणि कचेरी सांभाळणारे मंगेशराव रेगे, शंभोराव जांभेकर आणि के. के. कुलकर्णी ही त्यांच्याभोवतीची मंडळी. यांतील कोणाची पदवी काय आहे यापेक्षा त्याच्या हातात काय आहे, हे लक्ष्मणराव पाहत. गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीच्या राखणीचे काम दिले आणि त्या माणसांनी ते इमानाने केले, ही गोष्ट किर्लोस्करवाडीच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम त्यांनी आरंभापासून ठेवला. एकीकडे शेतकऱ्याच्या समजुतीशी धीराने वागणारा हा माणूस माणसामाणसांतील भेदाच्या बाबतीत तडजोड करीत नव्हता. त्यांच्या पत्नी राधाबाई यांनी माळावरच्या या नव्या संसाराला घरपण दिले.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे थांबले आणि देशी नांगरांना मागणी वाढली. त्याच वेळी लोखंड आणि कोळसा यांची टंचाई निर्माण झाली. मागणी आहे आणि माल बनवायला साहित्य नाही, ही विक्रेत्याची दुसऱ्या प्रकारची परीक्षा होय. किर्लोस्करवाडी त्यातूनही पार पडली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप अशी उत्पादने येत गेली. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि पुढे कुंडल रोड स्टेशनचेही नाव किर्लोस्करवाडी असे झाले.

मालाच्या माहितीपत्रातून मासिक

लक्ष्मणरावांच्या विक्रीचा विचार करताना एका गोष्टीला वगळून चालणार नाही. 1920 मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्यातील मालाची माहिती गिऱ्हाइकांना व विक्रेत्यांना द्यावी, हा त्याचा मूळ हेतू. म्हणजे ती एक जाहिरातच होती. शंवाकि या नावाने महाराष्ट्राला परिचित झालेले शंकरराव स्वतः चित्रकार आणि लेखक होते. त्यांच्या हाती हे पत्र यंत्रांच्या माहितीपुरते राहिले नाही. त्यात आरोग्य, उद्योग, स्वावलंबन, समाजसुधारणा हे विषय येऊ लागले आणि त्यातून ‘किर्लोस्कर’ हे मासिक साकारले. पुढे 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाले. या नियतकालिकांनी मराठी वाचकांच्या पिढ्या घडविल्या. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही जुन्या कपाटांत त्यांचे अंक जपून ठेवलेले आढळत.

नांगराच्या जाहिरातीपासून स्त्रियांच्या प्रश्नांवरील मासिकापर्यंतचा हा प्रवास वरवर पाहता आश्चर्याचा वाटतो, पण त्यामागे एक सरळ तर्क आहे. गिऱ्हाइकाशी खरोखर बोलायचे ठरविले की त्याच्या शेताबद्दल बोलावे लागते, शेताबद्दल बोलता बोलता घराबद्दल आणि घराबद्दल बोलता बोलता त्या घरातल्या स्त्रियांच्या आयुष्याबद्दल. लक्ष्मणरावांच्या कारखान्यात गिऱ्हाईक हा केवळ पैसे देणारा हात नव्हता. तो एक पूर्ण माणूस होता, म्हणूनच त्याच्याशी चाललेले संभाषण जाहिरातीच्या चौकटीत मावले नाही.

उतारवयातील आघात

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून 1926 मध्ये अभियंता होऊन परतले आणि त्यांनी उद्योगाचा व्याप वाढविला. हरिहर, बंगळूर, पुणे अशा ठिकाणी किर्लोस्करांचे नवे कारखाने उभे राहिले. मुलाचा वेग आणि पद्धत वडिलांपेक्षा निराळी होती. स्वतः उभारलेल्या उद्योगाची सूत्रे दुसऱ्याच्या हाती देणे अनेक कर्त्या पुरुषांना जमत नाही. लक्ष्मणरावांनी ती पुढच्या पिढीकडे जाऊ दिली.

1948 मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर जो क्षोभ उसळला, त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा 78 वर्षांचे होते. ज्या माळावर निवडुंग तोडून एकेक भिंत उभी केली, तेथे जळके अवशेष पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली. हा आघात कोणालाही मोडून टाकील असा होता. कारखाना पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 20 जून 1969 रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. शंकररावांनी लिहिलेले त्यांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने प्रसिद्ध आहे.

विक्रेत्याने काय घ्यावे?

लक्ष्मणराव मोठे कारखानदार झाले, प्रत्येक विक्रेता काही तसा होणार नाही. तेव्हा त्यांच्या यशाची नक्कल करण्याचा प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की यश मिळण्यापूर्वीची जी वर्षे होती, सायकलीच्या दुकानाची, न विकल्या गेलेल्या नांगरांची, त्या वर्षांत हा माणूस कशाच्या आधारावर उभा राहिला.

पहिला आधार वस्तूवरील श्रद्धेचा. जी वस्तू घेणाऱ्याच्या भल्याची आहे अशी स्वतःची खात्री नाही, ती त्यांनी विकायला घेतल्याचे दिसत नाही. आज नोकरी करणाऱ्या विक्रेत्याला वस्तू निवडण्याचे इतके स्वातंत्र्य नसते, हे खरे. तरीही कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती वस्तू खरोखर उपयोगी पडेल आणि कोणाला पडणार नाही, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा त्याच्या हाती असतो. नको ती वस्तू गळ्यात मारून मिळालेल्या कमिशनमध्ये झोपेचे खोबरे करणारा एक अंश असतोच.

दुसरा आधार कौशल्याचा. नकार मिळालेल्या दिवशीही वाढत राहते असे काहीतरी माणसाजवळ असले पाहिजे. लक्ष्मणरावांजवळ ओतकाम होते. कोणाजवळ आपल्या मालाचे सखोल ज्ञान असेल, कोणाजवळ गिऱ्हाइकाच्या धंद्याची समज असेल. महिन्याचा आकडा दर एक तारखेला पुसला जातो, हे ज्ञान पुसले जात नाही.

तिसरा आधार माणसांचा. बेळगावहून माळावर आलेली 25 कुटुंबे, थोरल्या भावाची साथ, पत्नीची सोबत आणि बांधावर उभे राहून नांगराचा हिशेब सांगणारा शेतकरी या सर्वांनी मिळून लक्ष्मणरावांचे जग बनले होते. विक्री हा एकट्याने खेळायचा डाव आहे असे मानणारा माणूस त्यात लवकर थकतो.

आपल्या कामाचा माणसांच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे पाहायला मिळणे हे फार थोड्या व्यवसायांच्या वाट्याला येते. विक्रेता ज्याच्याशी व्यवहार करतो त्याला पुन्हा भेटू शकतो, त्याचे शेत पाहू शकतो, त्याची तक्रार ऐकू शकतो. ही संधी ओझे म्हणून घ्यायची की सुख म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवायचे. रंग न दिसणाऱ्या एका चित्रकाराने ती सुख म्हणून घेतली आणि त्याच्या नांगराने उलथलेल्या काळ्या मातीत पीक उभे राहिले.